आधी डबा मोजा, मग पिशवीचा भाव विचारा

घरगुती खाद्यव्यवसायातल्या अडचणी कळवा, असं गेल्या अंकात विचारलं होतं. आलेल्या पत्रांत एक वस्तू पुन्हा पुन्हा भेटली: जेवण गरम किंवा गार पोचवायची थर्मल पिशवी. पुण्यात नऱ्ह्याला माझी शेड आहे आणि तिथे आम्ही याच पिशव्या मापाप्रमाणे शिवून देतो, म्हणून संपादकांनी पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. उत्तरांत भाव कुठेही लिहिलेले नाहीत, ते मुद्दाम. फोम, कापड, चेन सगळंच पेट्रोलियमच्या पोटातलं. अंक छापून तुमच्या हाती पडेपर्यंत दर हललेले असतात आणि मग कारागिराशी तुमचं भांडण माझ्या नावाने होतं.

प्रश्न : माझं पोळीभाजी केंद्र आहे. दुपारचे ३६ डबे, सगळे स्टीलचे तीनपुडी. दोन मुलं स्कूटरवर नेतात. पिशवीवाल्याला फोन केला की तो पहिलाच प्रश्न टाकतो, "साइज काय?" आणि मी गप्प. काय सांगू, ताई? (एक वाचक, डोंबिवली)

साइज सांगूच नका, डबा घेऊन जा. जाता येत नसेल तर घरी मोजा, पण रिकामा नव्हे. भरलेला, झाकण लावलेला, कड्या अडकवलेला. कड्यांमुळे गोल डबा गोल राहत नाही. एका बाजूने तो दोन-अडीच सेंटीमीटर जास्त पसरतो आणि नेमकं तेवढंच माप सगळे विसरतात. वरची मूठ उभी धरून उंची घ्या, कारण घाईत मुलं मूठ आडवी पाडत बसणार नाहीत.

आता तुमचा हिशेब मांडू. कड्यांसकट डबा १४ सेंटीमीटर रुंद आणि २० सेंटीमीटर उंच आहे, असं धरते. प्रत्येक मुलाचे १८ डबे. अठराच्या अठरा एकाच पिशवीत कोंबायचा मोह होईल, तो आवरा. सीटवर बारा, पायाशी सहा. बारा डबे चार गुणिले तीन असे लावले तर ५६ बाय ४२ झाले. बोटं घालून डबा उचलता यायला हवा, म्हणून दोन्हीकडे दोन-दोन सेंटीमीटर वाढवा: ५८ बाय ४४, उंची २२. हे झालं आतलं माप. फोम १० मिलिमीटरचा असेल तर तो दोन्ही बाजूंनी मिळून दोन सेंटीमीटर खातो, म्हणजे बाहेरून पिशवी ६० बाय ४६ बाय २४, वर शिलाईची जागा. तुम्ही आतून सेंटीमीटरमध्ये मोजता आणि कारागीर बाहेरून इंचात. माल आल्यावर "बसतच नाही हो डबे" असा जो फोन येतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. कागदावर "आतलं माप" हे दोन शब्द लिहा आणि खाली रेघ मारा.

पायाशी ठेवायची सहा डब्यांची पिशवी तीन गुणिले दोन, आतून ४४ बाय ३०. ती स्कूटरच्या फळीवर बसते का आणि हँडल पूर्ण वळतं का, हे पुठ्ठ्याचं खोकं ठेवून आधी बघा.

वजनाचं बोलायला हवं. भरलेला डबा सव्वा किलोचा धरला तरी बारा डब्यांचे पंधरा किलो होतात. बेल्ट पिशवीच्या वरच्या काठाला नुसता टाचलेला असेल तर महिन्या-दोन महिन्यांत तो कापडासकट उचकटतो. बेल्ट तळाखालून फिरवून आणायचा, दोन्ही बाजूंना चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारायची. तळात सनपॅकची (पन्हाळी प्लास्टिकची) शीट घालायला सांगा, नाहीतर पिशवी मधे झोळी धरते आणि मधले डबे कलतात. तळाच्या चारही कोपऱ्यांना लूप हवेत, सीटला रबरी दोरीने बांधायला.

आणि पार्टिशन. बाराचे सहा डबे वाटून झाले की उरलेले सहा वळणावर आडवे होतात आणि आमटी चादरीसारखी पसरते. व्हेल्क्रोवर सरकणारा फोमचा एक पडदा आत घ्या. डबे कमी झाले की मुलाने तो सरकवायचा.

प्रश्न : माझं क्लाउड किचन आहे, मुख्य विक्री बिर्याणीची. एक विक्रेता म्हणतो, "सर, आमच्या बॅगेत आठ तास गरम राहतं." दुसरा म्हणतो, जास्त जाड फोम घ्या. तिसरा फॉइलचं कौतुक करतो. खरं कोणाचं? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

आठ तासवाल्याला एवढंच विचारा: किती किलो, किती अंशांपासून किती अंशांपर्यंत आणि मधे किती वेळा चेन उघडून? तो विषय बदलेल. गोधडी अंगातली ऊब धरून ठेवते, ती काही शेगडी नसते, पिशवीचंही तेच. बिर्याणी ८० अंशांवर आत गेली तर पिशवी तिचं उतरणं लांबवते. ५५ वर आत गेली तर पिशवी काहीही करू शकत नाही.

तुम्हाला गाठायचा आकडा एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, स्वच्छतेच्या निकषांत आहे: गरम वाढायचं अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर, गार वाढायचं ५ अंशांच्या खाली. मधला पट्टा जंतूंच्या वाढीचा. म्हणून "आठ तास" ही भाषा सोडा. "आमची सर्वांत लांबची फेरी पाऊण तासाची आहे, शेवटच्या ग्राहकाच्या दारात बिर्याणी ६० च्या वर हवी," असं सांगा. असं सांगितलंत की शिवणाऱ्याला काहीतरी ठरवता येतं.

फोमकडे येऊ. या पिशव्यांत बहुतेक ईपीई फोम असतो, पांढरा, हलका, बंद पेशींचा. काम करते ती त्या पेशींत अडकलेली हवा. वीस मिनिटांच्या गावातल्या फेरीला ५ मिलिमीटर चालून जातो. पाऊण तासाला मी १० च्या खाली उतरत नाही. २० चा केला की गळती निम्मी होईल असं वाटतं, पण हिशेब केला तर ती साधारण ६०-६५ टक्क्यांवर येऊन थांबते. पिशवीच्या आतबाहेरच्या हवेचाही थोडा अडसर आधीपासून असतो आणि फोम दुप्पट केला म्हणून तो दुप्पट होत नाही. उलट २० चा फोम लांबीत चार आणि रुंदीत चार सेंटीमीटर गिळतो. त्यापेक्षा झाकणाकडे लक्ष द्या. उष्णता पळते ती चेनच्या रेषेतून, जिथे फोमच नसतो. चेनच्या आतून दोन इंचांची फोमची पट्टी आडवी येईल असं झाकण मागा.

फॉइलबद्दल. चकचकीत अस्तर उष्णतेची किरणं परत फेकतं हे खरं आहे, पण त्यासाठी त्याच्यासमोर मोकळी हवा लागते. डबा अस्तराला चिकटून बसला की ती चकाकी फक्त पुसायला सोपी, इतकाच तिचा उपयोग. फोमच्या जागी बुडबुड्यांची फॉइल शीट घालून "डबल इन्सुलेशन" म्हणणारे बरेच आहेत. म्हणून माझा सल्ला खर्चिक वाटेल, पण ऐका: नमुन्याची एक पिशवी विकत घ्या आणि ब्लेडने तिची शिलाई उसवा. तीन गोष्टी बघा. फोमची जाडी पट्टीवर किती भरते? फोम कोपऱ्यापर्यंत गेलाय, की अर्धा इंच आधीच थांबलाय? आणि अंगठ्याने दाबून सोडलं की तो वर येतो, की खळगा तसाच राहतो? खळगा राहिला तर कमी घनतेचा माल आहे. रोज डबे आपटून तो वर्षभरात पापडासारखा पातळ होईल.

मग चाचणी. सुई असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, स्वयंपाकाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. तुमच्याच डब्यांत तुमचीच बिर्याणी भरा, पिशवी गाडीवर ठेवा आणि नेहमीच्या वेळी नेहमीच्या रस्त्याने पाठवा. निघताना एक नोंद, प्रत्येक दारात एक नोंद. पिशवी भरलेली असताना आणि निम्मी असताना वेगळं करून बघा. निम्मी पिशवी लवकर निवते, कारण भिंती तेवढ्याच आणि आतलं गरम वजन अर्धं. या नोंदी हातात आल्या की बरेचदा एक मजेशीर गोष्ट दिसते: मोठी घसरण पिशवीत झालेलीच नसते. ती ओट्यावर झालेली असते, भरलेले डबे रायडरची वाट बघत उघड्यावर थांबलेले असतात तेव्हा. पिशवी ओट्याशेजारी उघडी ठेवा, डबा भरला की सरळ आत. यात एक रुपया खर्च नाही.

प्रश्न : आमच्याकडे वडे, कोथिंबीर वडी, भजी आणि गणपतीत उकडीचे मोदक. पिशवीतून गेले की वडे मऊ आणि मोदक चिकट. जास्त चांगली पिशवी घ्यावी का? (दोन जावा, ठाणे)

नको. तुमची पिशवी हवं त्यापेक्षा जास्त चांगली आहे, त्रास त्याचाच आहे. तळणीतून निघालेला वडा वाफ सोडत असतो. घट्ट पिशवीत ती वाफ अस्तरावर थंड होते, पाणी होऊन वड्यावर उतरते. वडा दोन-तीन मिनिटं जाळीवर ठेवून वाफ जाऊ द्या, मग भोकं असलेल्या खोक्यात भरा. पिशवीच्या वरच्या अंगाला, समोरासमोर, पितळी आयलेट (भोकाला बसवायच्या गोल कड्या) ठोकून घ्या आणि वरून पावसासाठी झडप. उष्णता थोडी जाईल. जाऊ द्या. कोमट कुरकुरीत वडा खाणारा माणूस तक्रार करत नाही, गरम लिबलिबीत वड्याची करतो.

मोदकांचं गणित उलटं आहे. त्यांना ओल हवी, पण थेंब नको. मोदकपात्रातून काढलेले लगेच खोक्यात भरू नका. वरची वाफ जाऊ द्या, खाली केळीचं किंवा हळदीचं पान, एकच थर, वर ओलसर घट्ट पिळलेलं पातळ फडकं. त्यांना आयलेटची पिशवी नको. म्हणजे दोघींना दोन पिशव्या लागणार, किंवा एकाच पिशवीला मधे पक्का पडदा आणि एका खणालाच आयलेट. वड्यांशेजारी वरणाचा डबा मात्र कधीच नको.

प्रश्न : मी घरी केक आणि आइस्क्रीम बनवते. मे महिन्यात क्रीम वितळून ग्राहकांचे फोन येतात. गरम जेवणाची पिशवी गारासाठी चालते का? (एक वाचक, नागपूर)

पिशवी तीच चालते. फोमला आत काय आहे ते कळत नाही, तो फक्त उष्णतेला अडवतो. पण नागपूरचा मे लक्षात घ्या. बाहेर ४५ अंश, आत ७५ अंशांची भाजी, फरक ३०. बाहेर ४५, आत ५ अंशांचा केक, फरक ४०. म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात गार राखणं हे गरम राखण्यापेक्षा अवघड काम. शिवाय गरम भाजी दहा अंश उतरली तर चालतं, केक दहा अंश चढला की क्रीम ढासळलं.

तेव्हा जाडी २० मिलिमीटर घ्या, इथे ती कामाला येते. बाहेरचं कापड पांढरं किंवा चंदेरी. काळा रंग मळखाऊ म्हणून सगळे घेतात, पण तो ऊन पितो. चेन समोरून उघडणारी घ्या, वरून नव्हे, म्हणजे केकचं खोकं सरकवून आत जाईल, तिरकं करून उतरवावं लागणार नाही. भरण्याआधी पिशवीत बर्फाचे पॅक ठेवून ती अर्धा तास गार करा. गरम पिशवीत ठेवलेला गार केक पहिली पाच मिनिटं पिशवीलाच गार करण्यात घालवतो.

पॅक वर ठेवायचे, खाली नव्हे. गार हवा जड असते, ती खाली उतरते. झाकणाच्या आतल्या बाजूला जाळीचा कप्पा शिवून घ्या, पॅक त्यात.

आइस्क्रीमचं वेगळं सांगते. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, ही मोठी ताकद आहे, पण तो हे काम शून्य अंशावर करतो. आइस्क्रीमला उणे १८ च्या आसपास राहायचं असतं. साध्या बर्फाने ते वाचत नाही. शून्याच्या खाली वितळणारे, क्षाराच्या द्रावणाचे जेलपॅक मागा आणि ते डीप फ्रीजरमध्ये रात्रभर गोठवा. कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांचा असतो, तो हे सहज करतो, पण उघड्या हाताने धरला तर कातडी जळते. त्याचा थेट वायू होतो, म्हणून पिशवी किंवा डबा हवाबंद करायचा नाही आणि काचा बंद केलेल्या गाडीत तो न्यायचा नाही. स्कूटरवरच्या मुलाला ही सगळी पथ्यं पाळता येणार नसतील तर जेलपॅकच बरे.

प्रश्न : आम्हाला साठ पिशव्या हव्यात. दोन ठिकाणांहून भाव आले, एक दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. कोण लुबाडतंय? (केटरिंग व्यावसायिक, नाशिक)

कदाचित कोणीच नाही. तुम्ही दोघांना दोन वेगळ्या वस्तूंचा भाव विचारलात, फक्त ते तुम्हाला माहीत नव्हतं. "थर्मल बॅग, चांगल्या क्वालिटीची" एवढ्यावर भाव मागितला की एक जण आपल्या सर्वांत स्वस्त मालाचा देतो, दुसरा सर्वांत टिकाऊ मालाचा.

एक पान लिहा. वर आतलं माप आणि एका पिशवीत जाणारं वजन. मग बाहेरचं कापड: ६०० डेनियर की १६८० डेनियर. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड. सावकाश हाताळणीच्या कारमधल्या पिशवीला ६०० पुरे, रोज सीटवर घासणाऱ्या पिशवीला १६८०. त्याच्या पाठीवरचा थर कोणता हेही लिहा. पीयूचा थर हलका आणि मऊ, पण आपल्या दमट हवेत काही काळाने तो चिकट होऊन पापुद्रे सोडू लागतो. पीव्हीसीचा थर जड, पावसाला जास्त भरवशाचा. मी कोकणातल्या ऑर्डरला पीव्हीसीच सुचवते. आणि कोणतंही कापड घेतलं तरी सुईच्या भोकांतून पाणी शिरतंच. त्याला उपाय म्हणजे वेगळं रेनकव्हर, पिशवीच्या खालच्या कप्प्यात घडी करून ठेवायचं. "वॉटरप्रूफ" हा शब्द कोटेशनमध्ये दिसला तर विचारा, कापड की पिशवी?

मग फोम: प्रकार, मिलिमीटर, घनता. अस्तर: कोणतं आणि कोपऱ्यात शिवलेलं की घडी घातलेलं. चेन: झाकणाला ८ किंवा १० नंबर, दोन रनर (चेन उघडायला-लावायला सरकणारा तुकडा). चेन तुटत नाही, रनर सैल होतो, म्हणून चांगल्या कंपनीचा रनर हा पैसे वाचवण्याचा मुद्दा नाही. व्हेल्क्रोचं झाकण स्वस्त पडतं, पण पोळीचं पीठ आणि दोरे त्याच्या आकड्यांत भरतात आणि तो पकड सोडतो. बेल्टची रुंदी दीड इंच की दोन. दोरा नायलॉन की पॉलिएस्टर. सुती दोरा पावसात कुजतो, तो नकोच. छपाईचे रंग किती, कारण स्क्रीन छपाईत दर रंगाला एक स्क्रीन लागते आणि तिचा खर्च साठ पिशव्यांवर वाटला जातो. लोगो एकरंगी करा. भरतकाम मागू नका, प्रत्येक टाका म्हणजे थरात एक भोक. मागच्या बाजूला परावर्तक पट्टी मात्र घ्या. रात्री साडेनऊला द्वारका चौकातून जाणारा तो मुलगा कुणाचा तरी आहे.

हे पान दोघांना पाठवा आणि नव्याने भाव घ्या. तिप्पटीचा फरक बराचसा वितळेल. जो उरेल त्याबद्दल घासाघीस करा.

कुठून घ्याव्यात? मुंबईत मदनपुरा आणि धारावी ही बॅग शिवणाऱ्यांची जुनी ठिकाणं, तिथे अशी कामं समजणारे कारागीर आहेत. पुण्यात रविवार पेठ, बोहरी आळीच्या भागात कच्चा माल बघायला मिळतो. घ्यायचा नसला तरी एकदा कापड हाताने चोळून या, मग कोटेशन वाचताना शब्द समजतात. दिल्लीचा नबी करीम हा मोठा बॅगबाजार. भाव तिथे उतरतो, पण साठ नगांसाठी वाहतूक, आणि चेन बिघडली तर कोणाकडे जाणार, हे दोन्ही त्यात मिळवा. साठ नगांना मी नाशिक, मुंबई किंवा पुण्याचाच कारागीर घेईन. आणि साठ नगांत खास तुमच्या ब्रँडच्या रंगाचं कापड रंगवून मिळणार नाही, त्यासाठी पूर्ण रोलांच्या हिशेबात ऑर्डर लागते. बाजारात तयार असलेला लाल, निळा, काळा, चंदेरी यातून निवडा आणि ब्रँडचा रंग लोगोत आणा.

आगाऊ रक्कम साधारण निम्मी मागतात, तो धंद्याचा रिवाज आहे, त्यावरून रागावू नका. पण आगाऊ देण्याआधी पक्क्या मालातला नमुना हातात घ्या, "रंग मिळाला नाही म्हणून दुसऱ्या कापडात केलाय" असा नव्हे. नमुने दोन करून घ्या. दोघांनी दोन्हींच्या आतल्या पट्टीवर सही आणि तारीख घालायची. एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. माल आला की गठ्ठ्याच्या वरची पिशवी बघू नका, मधली ओढून काढा. माप, चेन, बेल्टची शिलाई, नमुन्याशेजारी ठेवून. जीएसटीचं बिल घ्या. बिलाशिवाय स्वस्त मिळालेल्या पिशवीला परतीचा रस्ता नसतो.

प्रश्न : आमच्या जवळजवळ सगळ्या ऑर्डर झोमॅटो-स्विगीवरून जातात. आमची स्वतःची पिशवी असावी का? (कॅफे चालक, पुणे)

नसावी. त्यांच्या रायडरकडे त्यांची पिशवी असते, तुमची तो घेऊन जाणार नाही आणि नेली तर परत येणार नाही. ते पैसे डब्यावर घाला: घट्ट झाकण, गळती नाही, गरम आणि गार वेगळं बांधलेलं. स्वतःची दोन मुलं ठेवाल तेव्हा पत्र लिहा.

प्रश्न : माझी घरगुती खानावळ आहे. सुरमईच्या कालवणाचा वास पिशवीतून जातच नाही. व्हिनेगर झालं, लिंबू झालं, ऊन झालं. एका ग्राहकाच्या शाकाहारी थाळीला वास आला म्हणून ती परत आली. (एक वाचक, मालवण)

वास अस्तराला नाही, शिवणीत आहे. कालवणाचा थेंब कोपऱ्यात ओघळतो, सुईच्या भोकातून मागे जातो, दोरा आणि पट्टीचं कापड तो शोषून घेतं. बंद पेशींचा फोम स्वतः फारसं पाणी पीत नाही, पण फोम आणि अस्तराच्या मधे ते साचून राहतं. तिथे तुमचं लिंबू पोचतच नाही.

ही पिशवी मासळीसाठी ठेवून द्या, तिच्यावर मोठा मासा छापून घ्या आणि शाकाहारीसाठी दुसरी करा. नवी करताना अस्तर एका अखंड तुकड्याचं मागा, कोपरे कापून जोडलेले नव्हेत तर पाकिटासारखे घडी घातलेले, आणि शिवण फक्त वरच्या काठाला. तळापासून वर पाच-सहा इंच एकही टाका नको. त्याहून बरं म्हणजे अस्तराची वेगळी टोपलीच, व्हेल्क्रोने अडकवलेली. रात्री काढली, धुतली, उलटी टांगली. दर पिशवीमागे दोन टोपल्या करून घ्या, मालवणच्या जुलैत एका रात्रीत काही वाळत नाही.

धुताना कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ फडकं. तारेची घासणी नको, फॉइलवर चरे पडतात आणि मग त्या चऱ्यांत मसाला बसतो. पाइपचं जोरदार पाणी नको. ओली पिशवी चेन लावून ठेवायची नाही, ही एक गोष्ट मुलांना रोज ओरडून सांगावी लागते, सांगा. तळात वर्तमानपत्र घालण्याची सवय असेल तर तीही बंद करा. २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत अन्न गुंडाळायला किंवा ठेवायला वर्तमानपत्र वापरायला मनाई आहे, आणि पोळीचं फडकं सुटून कधी पोळी त्यावर पडेल सांगता येत नाही. जुना सुती टॉवेल घाला, तो रोज धुता येतो.

प्रश्न : आमच्या बचत गटाकडे शिलाईची सहा साधी मशीनं आहेत. कापडी पिशव्या शिवतो. या थर्मल पिशव्या आम्हाला जमतील का? (बचत गटाच्या सदस्या, वाई)

जमतील, पण जशा आम्ही शिवतो तशा नाही. १६८० चं कापड, दहाचा फोम आणि अस्तर असा सगळा थर एकदम साध्या मशीनखाली सारलात तर पाय उचलणार नाही, खालचा थर मागे राहील आणि सुया मोडत बसाल. त्याला कंपाउंड फीडचं मशीन लागतं, ज्याचा पाय आणि सुई दोन्ही कापडाबरोबर पुढे चालतात. एवढी गुंतवणूक पहिल्याच दिवशी करू नका.

दुसरी रीत आहे. बाहेरची पिशवी वेगळी शिवा, ६०० च्या कापडात. अस्तराची पिशवी वेगळी. दोन्ही हलक्या, तुमच्या मशीनवर १६ किंवा १८ नंबरच्या सुईने आरामात होतील. फोमचे सहा तुकडे फर्म्यावर कापा, धारदार कटरने, एका ओढीत; कात्रीने कापला तर कडा दबते. तुकडे मधल्या पोकळीत सरकवा, बाजूचे तुकडे तळाच्या तुकड्यावर उभे राहतील असे, म्हणजे कोपऱ्यात फट राहत नाही. शेवटी फक्त वरचा काठ जोडायचा, आणि तिथे फोम अर्धा इंच खालीच थांबवायचा, म्हणजे मशीनला नुसतं कापड आणि अस्तर शिवायचं. ही पिशवी शिवलेल्या फोमच्या पिशवीइतकी कडक दिसत नाही, पण गरम तितकंच ठेवते, कारण फोमला सुईची भोकंच पडत नाहीत. बेल्टची शिलाई मात्र गावातल्या चांभाराकडून किंवा बॅग दुरुस्तीवाल्याकडून मारून घ्या. तिथे साधं मशीन पुरत नाही.

पहिली ऑर्डर शोधायला लांब जाऊ नका. वाई, पाचगणी, महाबळेश्वर या पट्ट्यात हॉटेलं आणि स्ट्रॉबेरीवाले आहेत, त्यांना गार पिशवी लागते. आणि नव्या पिशव्यांच्या आधी दुरुस्ती धरा. सगळ्या केटरर्सकडे रनर गेलेल्या, बेल्ट उचकटलेल्या पिशव्या कोपऱ्यात पडलेल्या असतात, ते त्या फेकतही नाहीत आणि वापरतही नाहीत. त्या मागून आणा. उसवताना कोणती शिवण आधी गेली, फोम कुठे दबला, पाणी कुठून शिरलं, हे तुमच्या सहाही जणींना हाताने कळेल. ८ आणि १० नंबरचे रनर, दीड इंची बेल्टचा एक रोल आणि थोडं फॉइल अस्तर एवढ्या सामानावर हे काम सुरू होतं.